पूर्वीसारखा उन्हाळा

मे महिना लागला की माझे जुने बास्केटबॉलचे खेळाडू सुट्टीसाठी नागपुरात येतात, एखाद्या सकाळी शाळेच्या मैदानावर चक्कर टाकतात आणि सव्वासातलाच मुले सायकली काढून घरी निघालेली पाहून विचारतात, ‘‘सर, पूर्वीसारखा उन्हाळा आता का घेत नाही?’’ पालकही विचारतात, त्यांच्या स्वरात तक्रार असते. सहकारी शिक्षक विचारतात, त्यांच्या स्वरात काळजी असते. इतकी वर्षे मी याची तीन उत्तरे देत आलो : ऊन वाढले आहे, मुलांना आठवीपासूनच क्लास असतात, शाळा संध्याकाळी मैदान देत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्हींपैकी एकही माझे कारण नाही. आता तुम्ही पुन्हा विचारलेच आहे, तर या वेळी खरे कारण लिहितो.

जे त्या जुन्या उन्हाळी शिबिरांत होते त्यांना तपशील सांगण्याची गरज नाही. पहाटे पाच ते साडेआठ, संध्याकाळी पाच ते आठ, आठवड्याचे सहा दिवस. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे जवळजवळ आठ आठवडे सलग मिळत. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या भराभर येतात, आणि तेव्हा आमचे सिमेंटचे मैदान शेवाळाने निसरडे झालेले असते. त्यामुळे संघ बांधायचा तर तो उन्हाळ्यातच, हे माझे गणित होते आणि ते चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. पहिला तासभर चेंडूला हात लावायचा नाही, फक्त धावणे. ‘सुसाइड’ म्हणतात त्या धावण्याच्या एका फेरीत दोन्हीकडच्या फ्री थ्रोच्या रेषा, मध्यरेषा आणि शेवटची रेषा यांना हात लावून प्रत्येक वेळी मूळ रेषेवर परत यायचे असते. मैदान २८ मीटर लांब असल्याने एकाच सुसाइडचे १४० मीटर होतात. मी दहा घेत असे. त्यानंतर उड्या, मग रिबाउंड, म्हणजे बोर्डावरून परतणारा चेंडू उडी मारून पकडणे, मग लेअप, म्हणजे धावत येऊन उडी घेत चेंडू बास्केटमध्ये टाकणे, आणि पाणी सराव संपल्यावर. मला शाळेत शिकवणाऱ्या सरांनी मधे पाणी पिऊ दिले नव्हते, म्हणून मीही देत नव्हतो. याहून चांगले कारण माझ्याजवळ नव्हते.

त्या उन्हाळ्यांनी आमच्या शाळेला तीन वेळा राज्य स्पर्धेत नेले. साधी अनुदानित शाळा, मुले कामगार वस्तीतली, अनेकांच्या पायांत कापडी बूट. त्यांतले दोघे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागले. जे कुंपणाशी उभे राहून मला प्रश्न विचारतात, ते मनापासून सांगतात की त्या आठ आठवड्यांनी आपल्याला घडवले. मी त्यांना खोडून काढत नाही, कारण मी त्यांचा शब्द मानतो. फक्त मला प्रश्न विचारायला येतात ते शेवटपर्यंत टिकलेले असतात. जे दुसऱ्या आठवड्यातच यायचे थांबले, त्यांच्यापैकी कोणी कधी मैदानावर चक्कर टाकलेली नाही, आणि त्यांची संख्या किती हे मी त्या काळात मोजले नव्हते.

२०१२ च्या मे महिन्यात नववीत जाणारा एक मुलगा शिबिराला होता. त्याचे नाव लिहीत नाही. मागच्या दिवाळीपासून तो इतका वाढला होता की शाळेची पँट घोट्याच्या वर आली होती, आणि मी मनातल्या मनात त्याला पुढच्या दोन वर्षांचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, करून टाकले होते. शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात तो धावण्यात मागे पडू लागला. रांगेत उभा असताना वाकून डाव्या गुडघ्याच्या खाली तळहाताने चोळत असे. एका सकाळी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘सर, गुडघा दुखतो.’’ मी म्हणालो, ‘‘दुखतो तेव्हाच पाय तयार होतो.’’ तो जागचा हलला नाही, तेव्हा मी आवाज चढवला आणि बावीस मुलांसमोर म्हणालो, ‘‘देवानं ही उंची चुकीच्या पोराला दिली.’’ काही मुले हसली. त्यानंतरच्या सुसाइडमध्ये तो पहिला आला, आणि माझे बोलणे लागू पडले असे मला वाटले. त्या दिवसानंतर त्याने दुखण्याचा एक शब्द काढला नाही. रांगेत चोळायचेही त्याने थांबवले. ते त्याने थांबवले होते हे मला तेव्हा दिसले होते, नंतर आठवले असे नाही. दिसले होते, आणि मला त्याचा आनंद झाला होता.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले होते. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. दिवसभर तापलेले सिमेंट त्या वेळी खालून आग सोडत असते, हे नागपुरात खेळलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. लेअपची रांग चालू होती. तो उजवीकडून आला, दोन पावले टाकली, डाव्या पायावर उडी घेतली. चेंडू त्याच्या हातून सुटून बोर्डावर लागला आणि नेटमधून खाली आला. माझे डोळे चेंडूवर होते. मी ‘‘शाब्बास!’’ म्हणालो तेव्हा तो जमिनीवर पडलेला होता.

तो ओरडला नाही. दोन्ही हातांनी मांडी धरून बसला होता. गुडघ्याची वाटी नेहमीच्या जागेपेक्षा वर गेल्यासारखी दिसत होती, खाली सूज भराभर चढत होती आणि पाय त्याला सरळ करता येत नव्हता. मला वाटले, वाटी सरकली असेल. मी पाय धरून सरळ करू लागलो, तेव्हा मात्र तो ओरडला. मी हात काढून घेतला. रिक्षात त्याचा पाय माझ्या मांडीवर होता, आणि दवाखान्यापर्यंत आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही.

त्याचे वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीवर होते, तिथून ते कंपनीच्या कपड्यांतच आले. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून दाखवला. नडगीच्या वरच्या टोकाला समोर जो उंचवटा असतो, जिथे मांडीच्या मोठ्या स्नायूची कंडरा वाटीवरून येऊन चिकटते, तो तुकडाच हाडापासून ओढून निघाला होता. वाढीच्या वयात तिथे पक्के हाड नसते, कूर्चा असते. हाडे भरभर लांब होतात, स्नायू ताणलेले राहतात, आणि प्रत्येक उडीचा ओढा त्याच जागेवर येतो, असे त्यांनी सांगितले. मग ते त्याच्या दुसऱ्या, धडक्या पायाकडे वळले आणि वाटीच्या खाली त्याच जागी अंगठ्याने दाबले. मुलाने पाय आखडून घेतला. डॉक्टरांनी विचारले, ‘‘इथे आधीपासून दुखतं का? त्या पायातही दुखत होतं?’’

त्याने माझ्याकडे पाहिले. मग डॉक्टरांकडे पाहून म्हणाला, ‘‘नाही.’’

मी तिथेच उभा होतो, आणि काहीही बोललो नाही. माझ्या बाजूने लिहायचे तर इतके लिहिता येईल की सगळे फार घाईत चालले होते, शस्त्रक्रियेची कागदपत्रे भरायची होती, वडील घाबरलेले होते. पण ‘‘दुखत होतं, त्यानं मला सांगितलं होतं’’ एवढे म्हणायला किती वेळ लागतो? बाहेर आल्यावर वडिलांनी मला हात जोडले आणि म्हणाले, ‘‘सर, तुम्ही जवळ होतात म्हणून बरं झालं.’’ रिक्षाचे पैसे किती झाले तेही त्यांनी विचारले. मी ते घेतले नाहीत. त्या रात्री एवढेच एक योग्य काम माझ्या हातून झाले.

दुसऱ्या दिवशी हाडात दोन स्क्रू बसवल्यानंतर मी डॉक्टरांना एकटे गाठून खरे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी मला त्या दुखण्याचे नाव सांगितले : ऑसगुड-श्लॅटर. १९०३ साली अमेरिकेतल्या ऑसगुड यांनी आणि स्वित्झर्लंडमधल्या श्लॅटर यांनी ते स्वतंत्रपणे नोंदवले होते. उड्या मारणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या मुलांत ते नेहमी आढळते, वाढ थांबली की बहुतेकांचे बरे होते, आणि असा तुकडा निघून येणे दुर्मीळ असते. आधीचे दुखणे आणि हे मोडणे यांचा संबंध खात्रीने जोडता येणार नाही, असेही ते म्हणाले. ‘खात्रीने जोडता येणार नाही’ या चार शब्दांवर मी पुढची काही वर्षे काढली. रात्री जाग आली की ते शब्द स्वतःला ऐकवत असे. ते खोटे नाहीत. पण डॉक्टर हाडाबद्दल बोलत होते. मुलाने ‘नाही’ का म्हटले, हे मी त्यांना विचारलेच नव्हते.

मला हे माहीत नव्हते, असेही म्हणता येत नाही. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी मी अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घेतली. १९१४ पासून शरीरशिक्षणाचे काम करणाऱ्या त्या संस्थेत मला शरीररचना उत्तम शिकवली गेली होती. लांब हाडांची वाढ कुठून होते, याची आकृती मी परीक्षेत काढली होती आणि तिचे गुणही मिळवले होते. मैदानावर पाऊल ठेवले की मात्र ती आकृती पुसली जाई आणि माझ्या शाळेतल्या सरांचा आवाज माझ्या तोंडून बाहेर पडे.

पुढच्या वर्षी मी शिबिर घेतले नाही. तो २०१३ चा मे महिना, नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्यामुळे कोणी कारण विचारले नाही. सरांनी मुलांची काळजी घेतली असे लोक म्हणाले आणि मी ते म्हणू दिले. उन्हाचे उत्तर मला तिथून मिळाले.

२०१४ पासून जे शिबिर घेतो, ते तुम्ही पाहता. साडेपाच ते सव्वासात, आठवड्यातून चार दिवस. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून पहिल्या दहा दिवसांत धावणे निम्मे. दर वीस मिनिटांनी पाणी. उड्या मोजून. भांडारखोलीच्या भिंतीवर दर सोमवारी प्रत्येकाची उंची पेन्सिलीने लिहितो, आणि ज्याची रेघ झपाट्याने वर सरकते त्याचे रिबाउंड कमी करून त्याला फ्री थ्रोच्या रेषेवर उभा करतो. तिथून उडी न मारता हवे तितके शिकता येते.

या शिबिरांतून एकही संघ विभागाच्या पुढे गेलेला नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातली बोच तीच आहे. जुना मी माझ्यासमोर येऊन उभा राहिला तर तो हेच म्हणेल : एका मुलाच्या पायासाठी तू बाकी शंभर मुलांचे राज्य घालवलेस, त्यांच्याकडे क्लास नव्हते, बापाचा पैसा नव्हता, त्यांच्याकडे फक्त हे आठ आठवडे होते. मी त्याला सांगतो की आता इतर शाळांकडे आच्छादित मैदाने आणि पगारी प्रशिक्षक आहेत, त्यामुळे जुन्या पद्धतीनेही आपण हरलोच असतो. तो म्हणतो, करून पाहिले का? मी पाहिलेले नाही. तो म्हणतो, थोडे दुखणे सोसल्याशिवाय कोणी खेळाडू होत नाही. तेही खरे आहे. सोसण्याजोगे दुखणे कोणते आणि न सोसण्याजोगे कोणते, हे ज्याचे दुखते तोच सांगू शकतो, आणि ज्याला त्याने ते सांगावे असा मी उरलो नव्हतो, एवढे माझे म्हणणे आहे. यावर तो गप्प बसत नाही. आमचे भांडण मिटलेले नाही.

त्या मुलाचा पाय पूर्ण बरा झाला. काही महिन्यांनी डॉक्टरांनी खेळायची परवानगीही दिली, पण तो परत आला नाही. आता तो हैदराबादला नोकरी करतो, दिवाळीत भेटला तर वाकून नमस्कार करतो. ‘‘तू त्या दिवशी ‘नाही’ का म्हणालास?’’ हे मी त्याला आजवर विचारलेले नाही. त्याच्या वडिलांनाही मी काही सांगितलेले नाही. हे लिहिणे म्हणजे त्यांना सांगणे होते की त्यांना टाळून सगळ्यांना सांगणे होते, याचा निर्णय मला करता येत नाही.

यंदाच्या शिबिरात सव्वीस मुले आहेत. मी एक वही ठेवतो, तिच्यात रोज प्रत्येकाने आपल्या नावापुढे ‘कुठे दुखते?’ याचे उत्तर लिहायचे असते. गेल्या सोमवारी सव्वीस जणांनी ‘नाही’ लिहिले. मी वही मिटली, सगळ्यांना पायरीवर बसवले आणि एकेकाच्या गुडघ्याखाली अंगठ्याने दाबत गेलो. दोघांनी पाय आखडला. त्या दोघांना मी आठवडाभर धावू दिले नाही आणि घरी तसे कळवले. रात्री दहाला त्यांतल्या एकाच्या वडिलांचा फोन आला, ‘‘सर, त्याला संघातून काढलं का? तो जेवत नाहीये.’’ मी काढलेले नाही असे सांगितले. ते म्हणाले, ‘‘मग त्याला तुम्हीच सांगा,’’ आणि फोन त्याच्या हातात दिला. मी सगळे नीट समजावून सांगितले. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘‘पण सर, खरंच नाही दुखत.’’