जुहू विमानतळाची भिंत आणि एक प्लग

आज सकाळी जुहू विमानतळाच्या भिंतीला लागून माझी जुनी स्कूटर बंद पडली. किका मारून मारून घामाघूम. एक काका थांबले, प्लग काढून बघितला. काळाकुट्ट. स्वतःच्या डिकीतला जादा प्लग काढून बसवला. फडक्याने बोटं पुसत म्हणाले, "हं, मारा आता."

चालू झाली! आणि मी काय विचारलं? "किती द्यायचे?"

काका नुसते हसले आणि गेले.

दिवसभर ते हसणं डोक्यात. भारत आणि इंग्लंड हे अंतर, कुठल्याही दिशेने, एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांचं बक्षीस होतं. त्यासाठी १९३० मध्ये जेआरडी टाटा कराचीहून इंग्लंडला एकट्याने उडत निघाले होते. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला समोरून येणारा स्पर्धक भेटला, १७ वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनीअर. स्पार्क प्लगवाचून अडकलेला. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले. बक्षीसही त्यानेच जिंकलं! पुढे तो हवाईदलप्रमुख झाला.

दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडी कराचीहून टपाल घेऊन उतरले ते याच भिंतीपलीकडे.

काकांचं नावसुद्धा विचारलं नाही हो मी. त्या वाटेने रोज जाणारं कुणी आहे का इथे?