तुम्ही विचारलंत म्हणून: निदान चुकलं, डॉक्टरवर केस करायची का?

महिन्यातून एक-दोन तरी फोन येतातच. कुणाच्या तरी नातेवाइकाला कुणीतरी माझा नंबर दिलेला असतो, "त्या ताईंनी केस केली होती बघ" असं सांगून. आणि प्रश्न ठरलेला: ताई, डॉक्टरांनी निदानच चुकीचं केलं, माणूस गेला (किंवा अंथरुणाला खिळला), केस करता येते का? मी वकील नाही, सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. पण ग्राहक आयोगात तीन वर्षं तारखांना गेलेय, त्यामुळे जे पोळून शिकले ते इथे एकदाच लिहून ठेवते.

आमच्या अण्णांचं थोडक्यात सांगते. २०१८ च्या पावसाळ्यात खोकला सुरू झाला, गावातल्याच एका हॉस्पिटलात एक्स-रे काढला, उजव्या बाजूला वर डाग दिसला. डॉक्टर म्हणाले टीबी आहे, एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) सुरू करू. घरच्यासारखे डॉक्टर, वीस वर्षांची ओळख, प्रश्न कोण विचारणार? गोळ्या सुरू झाल्या, लघवी नारिंगी व्हायला लागली, ते औषधामुळे होतं म्हणाले आणि ते खरंही आहे. पण खोकला जाईना, वजन उतरत गेलं. पाचव्या महिन्यात परत एक्स-रे, डाग मोठा झालेला, तरी "अजून दोन महिने कोर्स पूर्ण करू". शेवटी माझ्या मावसभावाने हट्ट धरून मिरजेला सीटी स्कॅन करायला लावला, मग परळला टाटाला बायोप्सी. फुप्फुसाचा कॅन्सर, हाडांपर्यंत गेलेला. तो रिपोर्ट फेब्रुवारी २०१९ चा, आणि सप्टेंबरात अण्णा गेले. सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या आणि या सहा महिन्यांत थुंकी एकदाही तपासायला पाठवली नव्हती. एकदाही.

आता मुद्द्यावर येते, आणि हा मुद्दा ऐकून बरेच जण माझ्यावरच चिडतात. निदान चुकलं एवढ्यावर केस होत नाही. मलाही हे पचायला वेळ लागला. वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मॅडम, कॅन्सरला टीबी समजणं ही चूक चांगल्या चांगल्या डॉक्टरांकडूनही होते, एक्स-रेवर दोन्ही सारखे दिसू शकतात, त्यामुळे कोर्टात "चुकलात" म्हणून उपयोग नाही, "हे करायला हवं होतं आणि केलं नाही" असं बोट ठेवून दाखवावं लागतं. कायद्याची कसोटी साधारण अशीच आहे, त्या जागी दुसरा साधारण हुशारीचा डॉक्टर असता तर त्याने काय केलं असतं. आमच्या केसमध्ये ते बोट थुंकीवर ठेवता आलं. शिवाय वकिलांनी आणखी एक गोष्ट शोधली जी मला माहीतच नव्हती, टीबीचा पेशंट सरकारला कळवणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि अण्णांची नोंद कुठेच नव्हती. म्हणजे कागदोपत्री अण्णांना टीबी कधी झालाच नव्हता, गोळ्या मात्र सहा महिने!

म्हणून पहिलं काम कागद. भांडण नंतर, कागद आधी. आमच्याकडे ओपीडीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले होते, पण सगळ्यात कामाला आली ती मेडिकलवाल्याची बिलं, आईने पीठाच्या डब्यामागे खोचून ठेवलेली, त्यावरून कुठलं औषध किती महिने दिलं ते सिद्ध झालं. अॅडमिट होता तर इनडोअर केस पेपर मागा, म्हणजे नर्सच्या नोंदींसकट सगळं, नुसतं डिस्चार्ज कार्ड नव्हे. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि मुंबई हायकोर्टानेही १९९६ मध्येच सांगून ठेवलंय की पेशंटला त्याच्या कागदांची प्रत द्यावी लागेल. "आमच्याकडे द्यायची पद्धत नाही" असं काउंटरवर ऐकवतात, ऐकून घ्या आणि अर्ज द्या. फार थांबूही नका, कारण त्याच नियमांत रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं म्हटलंय, पुढे रद्दीत गेलं म्हणाले तर काय करणार.

माझ्या भावाला आधी पोलिसांत जायचं होतं. गावातली चार पोरं तर हॉस्पिटल फोडायला तयार होती, त्यांना आईने हाकललं, बरं केलं. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि अजामीनपात्र गुन्हा, म्हणजे बाप गेला आणि वर पोरगा आत. पोलिसांकडेही काही झालं नाही. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू केसमध्ये स्पष्ट केलंय की फौजदारी गुन्ह्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घ्यायचं. नव्या न्याय संहितेत कलम १०६ आहे, डॉक्टरच्या हातून असा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. ऐकायला मोठं वाटतं. पण निदान चुकण्याच्या प्रकरणात तिथपर्यंत जाणं फार अवघड, मी तरी कुणाला आधी तिकडे जा म्हणत नाही.

मग भावाने महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला तक्रार केली. ते डॉक्टरला ताकीद देऊ शकतात, काही काळ रजिस्ट्रेशन काढून घेऊ शकतात, पैसे मात्र देऊ शकत नाहीत. आमच्या डॉक्टरांना ताकीद मिळाली. भावाला तेवढं पुरलं खरं म्हणजे, त्याला "चुकलं" हे कुणीतरी कागदावर लिहून दिलेलं हवं होतं.

मला पुरलं नाही, म्हणून मी ग्राहक आयोगात गेले. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये ठरवलं. आता २०१९ चा नवा कायदा आहे, त्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, हॉस्पिटल मुंबईचं का असेना. तुम्ही हॉस्पिटलला दिलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीची फी शून्य. (मागितलेली भरपाई नाही, दिलेले पैसे बघतात, इथे सगळे गोंधळतात.) वकील न लावता स्वतःही उभं राहता येतं. पण समोर डॉक्टरची इन्शुरन्स कंपनी असते, तिचा वकील हीच कामं रोज करतो, त्यामुळे मी लावला.

मुदत दोन वर्षं. आमचे दोन वर्षं बायोप्सीच्या रिपोर्टपासून मोजले आणि जानेवारी २०२१ मध्ये, शेवटच्या महिन्यात, तक्रार दाखल झाली. उशीर माफ होऊ शकतो पण त्या भरवशावर राहू नका. गोव्यातल्या एका नर्सबाईंची केस वकिलांनी मला मुद्दाम वाचायला दिली होती. १९९३ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, पोटात गॉझ (जखमेला लावायचं जाळीदार कापड) राहिला, तो २००२ मध्ये दुसऱ्या ऑपरेशनला सापडला. तरी सुप्रीम कोर्टाने मुदत गेली म्हणून तक्रार काढून टाकली. इतकी वर्षं दुखत होतं, तुम्ही स्वतः नर्स, मग गप्प का बसलात, असं विचारलं. मला तो निकाल कठोर वाटतो अजूनही, पण तो आहे.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच फुकट उपचार असतील तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी कोर्ट. त्याला किती वेळ लागतो? औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ मध्ये बाळंतपणानंतरच्या ऑपरेशनात एका बाईच्या पोटात मॉप (रक्त टिपायचं कापड) राहिला, ती गेली, आणि सुप्रीम कोर्टाने सरकार जबाबदार आहे असं सांगितलं १९९६ मध्ये. भरपाई ३६ हजार. पण बिल विमा कंपनीने भरलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते चूक आहे.

सगळ्यात जीव काढते ती तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष. आमच्या भागातला एकही छातीचा डॉक्टर लिहून द्यायला तयार नव्हता, खासगीत सगळे "थुंकी करायलाच हवी होती" म्हणायचे, कागदावर कुणी नाही. तेव्हा हैदराबादची केस उपयोगी पडली. एका माणसाच्या बायकोला थंडी वाजून ताप यायचा, हॉस्पिटल टायफॉइडचे उपचार करत राहिलं, मलेरियाचे केलेच नाहीत, बाई गेली. आणि नवरा कोण, तर मलेरिया खात्यातला अधिकारी! राज्य आणि राष्ट्रीय आयोगाने तज्ज्ञाचं मत नाही म्हणून त्याला परत पाठवलं, पण २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चूक उघड दिसत असेल तर प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञ लागत नाही, आणि जिल्हा मंचाने दिलेले दोन लाख कायम केले. आम्ही टीबीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनाच आयोगासमोर ठेवल्या, तपासणी आधी आणि गोळ्या नंतर हे त्यातच लिहिलेलं होतं.

समोरच्यांचा बचाव एकच. पेशंट ६४ वर्षांचा, तीस वर्षं बिडी ओढलेली, कॅन्सर आम्ही केला नाही, आधी कळलं असतं तरी वाचलेच असते कशावरून? ते ऐकताना मला खुर्चीत बसवत नव्हतं, पण खोटं सांगू कशाला, याचं पूर्ण उत्तर आमच्याकडे नव्हतं. आयोगानेही तेच धरलं, वाचले असते हे सिद्ध नाही, मात्र तपासणीशिवाय सहा महिने चुकीची औषधं दिली, त्याने लिव्हर बिघडलं आणि खऱ्या उपचारांना उशीर झाला हे सिद्ध आहे. २०२४ मध्ये साडेचार लाख आणि केसचा खर्च म्हणून २५ हजार. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करा असं लिहिलंय, आम्हाला तीन वर्षं लागली. हॉस्पिटल अपिलात गेलंय, अपिलासाठी निम्मी रक्कम भरावी लागते ती त्यांनी भरलीय, आम्हाला अजून रुपया मिळालेला नाही.

फोनवर हमखास कुणीतरी कोलकात्याच्या कुणाल साहांचं नाव काढतं, "त्यांना सहा कोटी मिळाले ना?" मिळाले, २०१३ मध्ये, सुमारे सहा कोटी आणि वर व्याज. पण त्यांची बायको १९९८ मध्ये गेली होती, ते स्वतः डॉक्टर, अमेरिकेत स्थायिक, आणि त्या रकमेचा मोठा भाग बायकोच्या बुडालेल्या उत्पन्नाचा होता, तेही अमेरिकेतल्या. अण्णा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. हिशोब वेगळाच होतो.

तर करावी का? आई म्हणते सोड आता. भाऊ म्हणतो तू उगाच सुट्ट्या घालवल्यास. मी परत केली असती, पण थुंकी तपासली नाही हे हातात नसतं तर केली नसती, हेही तितकंच खरं.

तुम्हाला फोन करायचाच असेल तर शाळा सुटल्यावर, संध्याकाळी करा. आणि फोनआधी दोन कागद शोधून ठेवा, पहिल्यांदा चुकीचं निदान लिहिलेला आणि खरं काय ते ज्यावर पहिल्यांदा कळलं तो. दोन्हींवरच्या तारखा मी आधी विचारणार आहे.