18 गेज म्हणजे जाड की बारीक?

मुंबईत लोहार चाळीत वायर घ्या, तांबाकाट्याला पातेलं घ्या किंवा केमिस्टकडे सुई मागा, समोरचा विचारणारच, "किती गेजची?" शब्द एकच. पण आकडा वाढला की माल जाड होतो की पातळ, हे धंद्यागणिक बदलतं, आणि घोटाळा तिथेच होतो.

उलटी मोजणी आली तारेतून. तार ओतून होत नाही, ओढून होते. जाड सळी आधी एका भोकातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. सोनाराची जंतरपट्टी हेच काम करते. जेवढ्या खेपा ओढली तेवढा नंबर वर, म्हणून नंबर मोठा तर तार बारीक. आपल्याकडे रुळलेल्या ब्रिटिश कोष्टकात, म्हणजे एसडब्ल्यूजीत, 8 गेज म्हणजे 4.06 मिमी, 18 म्हणजे 1.22, 20 म्हणजे 0.91 आणि 22 म्हणजे 0.71. उतार सारखा नाही, त्यामुळे मधले आकडे अंदाजाने ठोकू नयेत. अमेरिकन एडब्ल्यूजीचं कोष्टक आणखी वेगळं: तिथली 18 गेज तार 1.02 मिमीचीच. ऑनलाइन मागवलेल्या स्पीकर वायरवर बहुधा हेच माप असतं.

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत वायरिंग उघडलं की 3/22, 7/20 ही भाषा अजून ऐकू येते. 3/22 म्हणजे 22 गेजच्या तीन तारा एकत्र, हिशोबाने एकूण छेद सुमारे 1.2 चौरस मिमी. 3/20 जवळजवळ 2 चौरस मिमी. ट्यूब, पंखा, टीव्ही यांना 3/22 पुरते. 2 किलोवॅटचा गिझर मात्र 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर खेचतो. त्याला तांब्याची 2.5 चौरस मिमी हवी, अंतर लांब असेल तर 4 घ्या. 3/22 वर गिझर टाकला तर वायर लगेच जळत नाही, हीच खरी पंचाईत. ती रोज थोडी थोडी तापते, वरचं आवरण कडक होऊन तडकतं आणि एक दिवस भिंतीच्या आत शॉर्ट होतं. मधल्या काळात फ्यूज उडतो म्हणून कोणीतरी फ्यूजला जाडी तार बांधून ठेवलेली असते. हा सर्वांत वाईट उपाय, कारण मग तापायला वायरच उरते. जुनी वायर ॲल्युमिनियमची असेल तर तेवढ्याच जाडीत ती तांब्यापेक्षा बराच कमी भार सोसते.

पत्र्याचंही उलटंच. किचनचं सिंक 18 किंवा 20 गेजचं घ्यावं. 22 चं घेतलं तर नळाचं पाणी पडताना ताशा वाजतो. भांड्याची जाडी काठावर बोट फिरवून ठरवू नका. काठ दुमडलेला असतो, तिथे सगळंच जाड लागतं. मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, काठाच्या आत लावा. दुकानदार "हेवी गेज" म्हणाला तर ते माप नव्हे, नंबर मागा.

इंजेक्शनची सुई याच घराण्यातली, फक्त कोष्टक बर्मिंगहॅमचं. 18 गेज बाहेरून 1.27 मिमी, 23 गेज 0.64, इन्शुलिनची 31 गेज जेमतेम 0.26. इथे मोठा नंबर म्हणजे कमी दुखणं, पण हळू प्रवाह. नळीची त्रिज्या निम्मी केली की प्रवाह सोळा पटींनी घटतो, म्हणून अपघातातल्या रुग्णाला 16 किंवा 14 गेजची जाडी कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत ठेवायची नळी) लावतात. रंगांवर विसंबणाऱ्यांसाठी एक सापळा आहे: 18 गेजची सुई गुलाबी, पण 18 गेजची कॅन्युला हिरवी. गुलाबी कॅन्युला 20 ची. हे कोणी ठरवलं असेल देव जाणे.

आता गाडी उलटी फिरते. प्लास्टिकच्या कागदात गेज वाढला की जाडी वाढते. साधारण 4 गेज म्हणजे 1 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग), त्यामुळे 200 गेजचा कागद 50 मायक्रॉनचा. पावसाळ्यात खिडकीवर बांधायला कागद घेताना वायरवाल्याच्या सवयीने "लहान नंबर द्या" म्हणालात तर पहिल्याच वाऱ्याला चिंध्या. सतारीची तारही सुलटी चालते. बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, 3 नंबरची तार सुमारे 0.30 मिमी, 4 नंबरची त्याहून जाड. तार तीही ओढूनच केलेली, तरी मोजणी वेगळी.

रेल्वेत गेज म्हणजे जाडी नव्हेच, रुळांमधलं अंतर. तेही मध्यापासून मध्यापर्यंत नाही. दोन्ही रुळांच्या डोक्यांच्या आतल्या कडांमधलं. लोकल धावते ती ब्रॉडगेज 1676 मिमी, वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 1435, नेरळ-माथेरानची गाडी 610. त्यामुळे लोकलचा डबा मेट्रोच्या रुळांवर घालायचा विचारही नको.

आणि पर्जन्यमापक, म्हणजे रेनगेज. इथे गेज हे उपकरणच. गच्चीवर करून पाहायचं असेल तर 20 सेंमी व्यासाचं नरसाळं आणि खाली बाटली पुरे. नरसाळ्याचं तोंड 314 चौरस सेंमी, म्हणून बाटलीत जमलेले दर 31.4 मिली म्हणजे 1 मिमी पाऊस. बाटलीची स्वतःची रुंदी हिशोबात येत नाही. बहुतेकजण चुकतात ते इथे. कठड्याजवळ ठेवू नका, तिथल्या भोवऱ्यांत थेंब नरसाळ्यावरून उडून जातात आणि आकडा कमी येतो. वाचन रोज सकाळी साडेआठला घ्या, वेधशाळेचा दिवस तेव्हाच संपतो. 26 जुलै 2005 चे सांताक्रूझचे 944 मिमी हे दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंतचे. त्या दिवशी कुलाब्याला 100 सुद्धा भरले नव्हते. सांताक्रूझला हे नरसाळं ठेवलं असतं तर खाली बाटली नव्हे, पंधरा-पंधरा लिटरच्या दोन बादल्या लागल्या असत्या.