आरव्ही-७: इंटरकॉम आणि हेडसेट जॅकचं वायरिंग

आरव्ही-७ हे मी स्वतः बांधत असलेलं दोन आसनी विमान; या महिन्यात त्याच्या रिव्हेटिंगला सुट्टी. उपकरणांचं पॅनल टेबलावर पालथं घालून इंटरकॉमचं (हेडसेटवरून आपसात बोलायच्या यंत्रणेचं) हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, पुरं केलं, दोन्ही सीटचे जॅक बसवले आणि टेबलावरच बॅटरी लावून आवाज ऐकला.

हार्नेस तयारही मिळतं, आणि ते घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण पुढेमागे एखादा कान मुका झाला तर पॅनलखाली उताणं पडून तार शोधायची ती आपल्यालाच. कुठली तार कुठे गेलीय हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

सगळ्यात जास्त वेळ जॅकनी खाल्ला, आणि तो द्यायलाच हवा. आरव्हीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा. ज्या उपकरणांचं ग्राउंड जवळच्या पत्र्याला जोडलेलं असतं, त्यांचा परतीचा करंट या पत्र्यातूनच वाहतो. जॅकचं धातूचं अंग पत्र्याला टेकलं की ऑडिओच्या परतीच्या वाटेत ही सगळी गर्दी घुसते, आणि आरपीएमबरोबर चढत जाणारी अल्टरनेटरची शिट्टी कानात बसते. यावर उपाय म्हणजे इन्सुलेटिंग वॉशरची जोडी: एक पत्र्याच्या पुढून, एक मागून. वॉशरचा खांदा भोकात नीट बसला पाहिजे, म्हणून भोक जॅकच्या आट्यांच्या मापाचं नाही, खांद्याच्या मापाचं पाडायचं. नट आवळताना जॅक बाजूला सरकला तर आटे भोकाच्या कडेला टेकतात, आणि वरून काही दिसत नाही.

त्यामुळे मल्टिमीटर लावायचा तो हार्नेस इंटरकॉमला जोडण्याआधी. जॅकचं अंग आणि पत्रा यांच्यात कंटिन्यूइटी, म्हणजे विजेची अखंड वाट, अजिबात नको. एकदा कनेक्टर लागला आणि पॅनल विमानात गेलं की हाच मीटर बिनधास्त वाजतो, कारण ग्राउंड इंटरकॉममधून फिरून फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीच्या) ग्राउंड ब्लॉकला पोचलेलं असतं. मग खरा दोष आणि योग्य जोडणी यांत फरक करता येत नाही.

तार २२ गेजची, टेफझेलच्या आवरणाची, शील्ड (भोवती धातूची जाळी) असलेली. माइकसाठी आत तीन तारा: टिपला (प्लगच्या टोकाला) पुश-टू-टॉक, म्हणजे बोलताना दाबायच्या बटणाची; रिंगला (मधल्या कड्याला) माइकचा आवाज; स्लीव्हला (मागच्या अंगाला) परतीची. शील्ड फक्त इंटरकॉमच्या टोकाला जोडली. जॅकच्या टोकाला ती कापून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली. दोन्ही टोकं जोडली की शील्डच परतीची दुसरी वाट होते आणि ग्राउंड लूप तयार होतो.

डी-सब कनेक्टरच्या पिना क्रिम्पच्या (तारेवर दाबून बसवायच्या), मशीन्ड. क्रिम्प झाल्यावर पिनेच्या बारीक खिडकीत तांबं दिसतंय का ते भिंगातून बघतो आणि तार हलकेच ओढतो. चौकोनी चावे चारी बाजूंनी सारखे पडले की जीव भांड्यात पडतो. क्रिम्पर चांगला घ्या, पैसे वाचवायची ही जागा नाही.

हेडफोनचं वायरिंग स्टिरिओ केलंय. यात एक मेख आहे: पाहुण्याचा जुना मोनो हेडसेट स्टिरिओ जॅकमध्ये घातला की रिंग थेट स्लीव्हला शॉर्ट होते, म्हणजे उजवा चॅनल ग्राउंडला. इंटरकॉमला हे सोसतं का, ते त्याच्या मॅन्युअलमध्ये आधीच बघून ठेवा.

पॉवर दिल्यावर माइकच्या रिंगवर डीसी व्होल्टेज दिसलं तर दचकू नका. ही कार्बन मायक्रोफोनच्या जमान्यातली रीत. आजच्या इलेक्ट्रेट माइकमधला छोटा ॲम्प्लिफायरही त्याच डीसी व्होल्टेजवर (बायसवर) चालतो.

बायकोला उजव्या बाजूचा हेडसेट दिला. तिचं पहिलं वाक्य, "तू एवढा श्वास का घेतोयस?" स्क्वेल्च, म्हणजे बारीक आवाज गाळणारी मर्यादा, जरा वर नेला. मग इंटरकॉम बंद करून फेल-सेफ तपासलं: पायलटचा हेडसेट थेट रेडिओला लागतो, रिसेप्शन स्वच्छ.

अल्टरनेटरची शिट्टी येते की नाही, हे इंजिन सुरू झाल्यावरच कळेल. त्याआधी पोटाखालच्या अँटेनापर्यंत आरजी-४०० कोॲक्स केबल टाकायची आहे. ती माइकच्या तारांपासून जमेल तितकी लांबून नेणार आहे, म्हणून सीटखालची ग्रोमेटची (तार कडेला घासू नये म्हणून बसवायच्या रबरी कड्यांची) भोकं पुन्हा मोजायला घेतलीत.