पंप बंद राहिला

सिडनीत फिशिंगच्या सामानाच्या दुकानात काउंटरला आहे मी, चार वर्षं झाली. गाव मालवणकडचं त्यामुळे गरवायचं (गळाने मासे पकडायचं) लहानपणापासूनच माहीत, पण आमच्याकडे गरवायचं म्हणजे रात्रीच्या कालवणाची सोय, आणि इथे लोक गाडीपेक्षा महाग बोट घेऊन पहाटे निघतात, ब्रीम नावाचा वीत-दीड वीत मासा पकडतात, जिवंत ठेवून वजन करतात आणि परत पाण्यात सोडतात. पहिल्या वर्षी मला हे श्रीमंतांचे चोचले वाटायचे. आता वाटत नाही, कारण खाली येतंय.

आमच्या मालकाला मी मनात शेठच म्हणतो (तोंडावर मेट). त्याचा नेहमीचा जोडीदार आजारी पडला म्हणून शुक्रवारी दुपारी मला म्हणाला, उद्या दुकानात येऊ नको, फॉर्स्टरला चल, पगार चालू राहील. फॉर्स्टर म्हणजे सिडनीच्या उत्तरेला साधारण 300 किलोमीटर, तिथला वॉलिस लेक, आणि लेक म्हटलं तरी समुद्राला तोंड असलेली मोठी उथळ खाडीच ती, आत सगळीकडे कालवांची शेती. सिडनी रॉक ऑइस्टर म्हणून जी कालवं हॉटेलात डझनाच्या भावाने खातात त्यातली भरपूर इथली. लाकडी खांबांवर फळ्या, त्यावर कालवं, रांगाच्या रांगा. आणि ब्रीमला या रांगांमध्येच राहायचं असतं, कारण खेकडी, किडे, कालवं, सगळं जेवण घरातच.

स्पर्धा जोडीची. दोघांचे मिळून पाच मासे, प्रत्येक किमान 25 सेंटीमीटर (न्यू साउथ वेल्सचा कायदाच आहे तो), दुपारी अडीचला वजन. उशीर झाला तर वजन कापतात, मासा मेला तरी कापतात. म्हणून बोटीत लाइव्हवेल असतो, म्हणजे पंपाने ताजं पाणी फिरवणारी टाकी.

सकाळी शेठने आधी उघड्या पाण्यात, गवताच्या कडेला, 4 पौंड ताण सोसणाऱ्या बारीक लीडरवर (गळाजवळच्या दोऱ्याच्या टोकावर) छोटे सॉफ्ट प्लॅस्टिक, म्हणजे मऊ नकली आमिष, टाकून पाच मासे भरून घेतले. बारीकसारीकच, 26-27 सेंटीमीटरचे. मी म्हटलं थेट रॅकवर, म्हणजे कालवांच्या फळ्यांवर, का नाही गेलो, तर म्हणाला आधी पाच भर, मग डोकं शांत राहतं, त्यानंतर फक्त बदलायचं. नवा मोठा मिळाला की सगळ्यात हलका सोडून द्यायचा. दोन मासे तोलायला तागडीसारखी छोटी दांडी असते, ते काम माझं.

खरी गंमत भरतीची. खाडीच्या तोंडाशी पुलाखाली पाणी चढायला लागलं तरी आत खाडीत ते बऱ्याच उशिरा पोचतं, त्यामुळे शेठ तोंडापासून आत आत सरकत एकच भरती तीन ठिकाणी वापरत होता. मालवणात आम्ही उधाण-भांग (मोठी-छोटी भरती) बघून जातो पण भरतीचा असा पाठलाग मी कधी केला नव्हता. फळ्यांवर हातभर पाणी आलं की मासे वर चढतात, मग चार सेंटीमीटरचं क्रॅंकबेट (माशासारखं कडक नकली आमिष) दोन रांगांच्या मधे टाकायचं, दोन वेळा फिरवून थांबवायचं. थांबवल्यावरच घेतो तो. आणि घेतला की खेळवत बसायचं नाही, रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटू देणारा ब्रेक, पूर्ण आवळलेला, इलेक्ट्रिक मोटर उलटी, बोटीसकट मासा मोकळ्या पाण्यात ओढायचा. इथे लीडर 10 पौंडाचा. तरी माझे दोन तुटले, कालवाच्या धारेला लागला की संपलं, टोक बघितलं तर वस्तऱ्याने कापल्यासारखं.

पण अकरापर्यंत आमचे चार मासे बदलून झाले होते आणि त्यातली एक मादी (मीच तिला मादी ठरवलं, ब्रीममधले काही नर वयात आल्यावर मादी होतात म्हणून) किलोच्या वर. हा मासा फार हळू वाढतो, 25 सेंटीमीटरला पोचायलाच पाचेक वर्षं जातात, म्हणजे हिचं वय काय असेल बघा.

आता माझा पराक्रम. दांडीवर मासे तोलताना पंपाचा फवारा तोंडावर येत होता म्हणून मी बटण बंद केलं. आणि परत चालू करायचं विसरलो. पाऊण तास. शेठने नवा मासा टाकायला झाकण उघडलं तर मोठी आडवी पडलेली, कल्ले जोरात हलतायत, बाकीचे वर येऊन तोंड उघडतायत.

मला वाटलं आता शिव्या. एक शब्द नाही. रॉड खाली ठेवला, पंप लावला, मला बादलीने पाणी बदलायला लावलं आणि स्वतः कोपरापर्यंत हात टाकीत घालून तिला पोटाखालून सरळ धरून बसला. तेव्हा भरती एकदम जमलेली होती, बाजूच्या रांगेत दुसरी बोट मासे काढत होती, आम्हाला दिसत होतं. मी म्हटलं मी धरतो, तू टाक. म्हणाला, "हिच्या एवढी आता मिळणार आहे का?" त्यात हिशोब होता की काळजी, मला अजून कळलेलं नाही. तासभर बसला तसाच.

अडीचला पाचही जिवंत. 3.62 किलो. बक्षिसाची शेवटची जागा 140 ग्रॅमने हुकली, म्हणजे आमचा पाचवा, सगळ्यात बारका मासा बदलला असता तरी झालं असतं. मोठीला सोडताना ती क्षणभर शेठच्या हातातच थांबली आणि मग शेपटीने पाणी उडवून गेली, त्याच्या चष्म्यावर.

परतीच्या रस्त्यात दीडेकशे किलोमीटर कोणी बोललं नाही. पेट्रोल पंपावर त्याने दोन मीट पाय (खिमा भरलेले पॅटिस) आणि लाल चिकटपट्टी घेतली, बोटीवर चढून त्या बटणावर लावली आणि मार्कर माझ्याकडे दिला, तुझ्या भाषेत लिही म्हणाला, तुला कळलं पाहिजे. मी लिहिलं, "हात लावू नको गाढवा". काय लिहिलंस विचारलं तर सांगितलं, प्लीज डू नॉट टच.