निर्यातबंदीचा शुक्रवार

नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत, कांदा व्यापाऱ्याच्या गाळ्यावर मी हिशेब लिहितो. सौदापट्टीवरचा दर आणि काट्यावरचं वजन यांचा गुणाकार, त्यातून हमाली-तोलाई वजा, की शेतकऱ्याच्या हातात रक्कम. (वजन आता भुईकाट्यावर होतं, तरी तोलाई कशाची कापता, हे शेतकरी दर हंगामात विचारतात. बरोबरच विचारतात.)

८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. आदल्या रात्री केंद्राने ३१ मार्चपर्यंत कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर निर्यातदराची अट आली, आणि आता दारच लावलं. सकाळचे ट्रॅक्टर कालच्या भावाच्या भरवशावर घरून निघालेले. बोली कितीतरी खालून सुरू झाल्यावर शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडला. तिकडे चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला.

एक जण भाड्याच्या पिकअपमधून माल घेऊन आला होता. लिलाव बंद म्हणजे माल परत न्यायचा, आणि भाडं दोनदा. "शेठ, पडेल त्या भावात घ्या," तो गाळ्यावर येऊन म्हणाला. शेठ म्हणाले, "लिलावाबाहेर घेता येत नाही, दादा. आणि घेऊन मी पाठवू कुठं?" दोघंही खरंच बोलत होते. माल लाल कांदा होता. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने निघतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो काही आठवड्यांत कोंब धरतो नाहीतर सडतो. भाव चढेपर्यंत थांब, असं त्याला सांगणार कोण?

शेठही अडचणीत होते. त्यांचा निर्यातीचा माल न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर होता. तरुणपणी ते शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा बिल्ला लावायचे. "बाजार मोकळा सोडा, हे शरद जोशी ऐंशी सालापासून सांगत होते," ते दिवसभर येईल त्याला ऐकवत होते. शहरात कांदा महागला की सरकार शेतकऱ्याच्याच मानेवर पाय ठेवतं, हे मलाही पटतं. पण मोकळ्या बाजारातसुद्धा ज्याला थांबता येतं त्याचीच चलती, हे मी गाळ्यावर रोज बघतो. शेठकडे बँकेची कॅश क्रेडिट आहे, म्हणजे लागेल तसा पैसा उचलता येतो. पिकअपवाल्याकडे गावच्या सोसायटीचं थकलेलं कर्ज.

आणि मागे खळ्यावर कांदा निवडायला आलेल्या बायका. गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, सडका वेगळा, चांगला माल गोणीत, असं त्यांचं काम. माल नाही म्हणून काम नाही. हजेरीवहीत मी त्यांच्या नावापुढे खाडा मांडायला लागलो, तेव्हा एक आजी पुढे आल्या. "आम्ही तर आलोय ना रं? मग खाडा आमचा कसा?"

मी वही घेऊन शेठकडे गेलो. लिलाव बंद पडेल त्या दिवशी निम्मा रोज तरी देऊ, म्हटलं. ते वैतागले. "भाव पडल्यावर माझं नुकसान त्या वाटून घेणार आहेत का?" म्हटलं, "शेठ, आत्ता वाटूनच घेतायत की." ते गप्प झाले, रागानेच. मग गल्ल्यातून बायकांना रिक्षाभाडं काढून दिलं.

पिकअपवाला बाजार सुरू झाल्यावर परत आला. क्विंटलचा दर आधीच्या निम्म्यावर आला होता. त्याची पट्टी मीच लिहिली, हमाली-तोलाई नेहमीप्रमाणे कापून. बंदी ३१ मार्चनंतरही चालूच राहिली. ४ मे २०२४ ला निर्यात खुली झाली, टनाला ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तोवर लाल कांदा कधीच संपला होता. खुल्या निर्यातीचा फायदा उन्हाळ कांद्याला झाला, म्हणजे ज्यांच्याकडे चाळ होती त्यांना आणि आमच्या शेठना. त्यांचं डिसेंबरचं नुकसान बरंचसं भरून निघालं.

निम्म्या रोजाचं मी पुन्हा दोनदा काढलं. अजून जमलेलं नाही. लिलाव बंद असला की रिक्षाभाडं मात्र तेव्हापासून मिळतं.