आमची वाटचाल : डाळमिलमधून किनोवाकडे

लातूरात धंदा करायचा तर डाळ आणि पाणी हे दोन विषय सुटत नाहीत. आमचा मूळ व्यवसाय डाळमिलचा. आडतीतून तूर-हरभरा उचलायचा, भरडायचा, डाळ पुण्या-मुंबईला पाठवायची. २०१६ साली याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हापासून कमी पाण्यावर येणाऱ्या पिकांची आम्ही मनापासून चौकशी करू लागलो, आणि त्यातूनच किनोवा समजला.

हे पीक मूळचं पेरू-बोलिव्हियातल्या अँडीज डोंगरांतलं. तिथले लोक ते हजारो वर्षं खात आलेत. २०१३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी किनोवा वर्ष म्हणून पाळलं. तरी ते आपल्याला अगदीच परकं नाही. आपल्या चाकवताचं ते सख्खं भावंड, आणि राजगिराही त्याच कुळातला. रब्बीत पेरलं की साधारण तीन-चार महिन्यांत काढणीला येतं. पाणी साचलेलं मात्र त्याला चालत नाही, त्यामुळे आपल्या काळ्या रानात निचरा बघूनच पेरावं लागतं. फुलोरा कडक उन्हात सापडला तर दाणे भरत नाहीत. ओळखीच्या शेतकऱ्यांनी ज्वारीशेजारी थोडं रान दिलं ते खरेदी आधी ठरवूनच. आडतीत याला गिऱ्हाईक नव्हतं, मग जोखीम एकट्या शेतकऱ्यावर का टाकायची?

खरी कसोटी लागली ती दाणा हातात आल्यावर. किनोव्याच्या सालीत सॅपोनिन असतं. ते कडू असतं, म्हणून पाखरं फारशी तोंड लावत नाहीत. पण माणसालाही तो दाणा तसाच खाता येत नाही. टपात पाणी घेऊन मूठभर दाणे चोळले की साबणासारखा फेस येतो. सगळा कडवटपणा धुऊनच काढायचा म्हटलं तर पाणी भरमसाट लागतं, आणि लातूरात ते परवडणार कसं? इथे डाळमिलचा अनुभव कामाला आला. दाणा आधी कोरडाच घासून साल उतरवायची, भुसा वाऱ्यावर उडवायचा आणि मग थोडक्या पाण्यात धुवायचा. धुतलेला माल लगेच पातळ पसरून वाळवावा लागतो, नाहीतर दाण्याला कोंब फुटतात. धुवणाचं पाणी आम्ही ओढ्यात सोडत नाही, सॅपोनिन माशांना घातक असतं. प्रत्येक घाण्यातले चार दाणे बाटलीत पाणी घालून जोरात हलवायचे. फेस टिकला तर तो घाणा परत धुवायला जातो. ही तपासणी आमच्याकडच्या ताई करतात आणि त्यांचा शब्द शेवटचा.

गिऱ्हाइकांना आम्ही गुण सांगतो ते मापातच. शंभर ग्रॅम कोरड्या किनोव्यात सुमारे १४ ग्रॅम प्रथिनं असतात, तांदळात त्याच्या निम्मी. तुरीच्या डाळीत त्याहून जास्त असतात, हे आम्ही डाळवालेच सांगतो. पण प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं लायसिन तृणधान्यात कमी पडतं आणि मिथिओनिन डाळींत. किनोव्यात शरीराला अन्नातूनच घ्यावी लागणारी नऊही अमिनो आम्लं चांगल्या प्रमाणात असतात. तंतू सात ग्रॅमच्या आसपास, शिवाय मॅग्नेशियम आणि लोह. ग्लुटेन नाही, म्हणून गहू न चालणाऱ्यांना सोयीचा. वरून लिंबू पिळलं तर लोह अंगी लागायला मदत होते.

मधुमेह असलेल्यांना पांढऱ्या भाताऐवजी किनोवा बरा, कारण साखर त्या मानाने हळू चढते. तरी वाटी मोजूनच घ्यावी, आणि याच्या भरवशावर गोळ्या बंद करू नयेत, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. मुतखड्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, कारण यात मुतखडा व्हायला हातभार लावणारं ऑक्झलेट असतं.

ज्वारीची भाकरी सोडा असं आम्ही कुणालाही म्हणत नाही. ती मराठवाड्याचं बळ आहे. किनोवा तिच्या जोडीला असावा : एक वाटी दाणे दोन वाट्या पाण्यात पंधरा मिनिटं शिजवायचे, दाण्याभोवती पांढरं कडं सुटलं की झाला. उपमा, मसालेभात, मुगाच्या डाळीबरोबर खिचडी, सगळं छान होतं. सध्या ज्वारी आणि किनोवा एकत्र दळून थालीपिठाची भाजणी करायचं काम चालू आहे. किनोवा जास्त झाला की थालीपीठ तव्यावर मोडतं, म्हणून प्रमाण अजून बसवतो आहोत.